उडीचा पोशाख शिवायला वडवणीला

अमेरिकेहून सुट्टीवर आलेली मुलगी बीड जिल्ह्यात जाऊन विमानातून उडी मारायचा पोशाख शिवून घेते, हे वाचून कुणाला मी थापा मारतेय असं वाटलं तर माझा इलाज नाही. वडवणीला माझ्या मामाचं कापडाचं दुकान आहे, दुकानाच्या ओट्यावर रज्जाक मास्तरांचं शिलाई मशीन आहे आणि तो पोशाख माझ्या कपाटात आहे. यापेक्षा जास्त पुरावा माझ्याकडे नाही.

संगणकांना दोन हजार साल उजाडल्याचं कळणार नाही, म्हणून तेव्हा आमच्यासारख्यांना अमेरिकेत भराभर बोलावत होते. तशीच मीही गेले. आठवडाभर संगणकापुढे बसून डोकं उठायचं, मग शनिवार-रविवारी वाळवंटातल्या एका धावपट्टीवर जाऊन उड्या मारायला लागले. सुरुवातीला पोटावर पडत खाली यायला शिकवतात. ते जमलं आणि मला फ्रीफ्लायचं खूळ लागलं. फ्रीफ्लाय म्हणजे हवेत बसून, उभं राहून, नाहीतर सरळ खाली डोकं वर पाय करून पडायचं. प्रकार तेव्हा अगदी नवा होता.

बसून पडताना वारा पायांकडून वर येतो आणि सैल कपड्यात घुसतो. पाठीवरच्या हवाई छत्रीचे पट्टे छातीवरून जातात. तिथं उजव्या बाजूला एक लाल हँडल असतं. छत्री बिघडली तर ते ओढून तिला सोडून द्यायचं आणि दुसरी उघडायची. सुट्टीवर निघायच्या आधीच्या रविवारी माझा टी-शर्ट पँटमधून सुटला, वर चढला आणि थेट त्या हँडलवर जाऊन बसला. हात नेऊन बघते तर हाताला नुसतं कापड! छत्री नीट उघडली म्हणून वाचले. माझ्या कोचनं व्हिडिओ पाहिला आणि म्हणाला, "अंगाबरोबर बसणारा पोशाख आण. तोवर तुझं फ्रीफ्लाय बंद." त्याचा आठवडाभराचा वर्ग मी परतेन त्याच शनिवारी सुरू होणार होता, आणि तिथल्या कंपनीकडून शिवून मागवला तर दोन महिने लागणार होते.

पुण्यातल्या लेडीज टेलरनं माझं चित्र बघून "हे जेंट्सचं आहे" म्हणून हात झटकले. जेंट्स टेलरनं "दिवाळीनंतर या" म्हणून सांगितलं. आईला मी 'व्यायामाचा पोशाख' एवढंच सांगितलं होतं. उड्यांचं तिला काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "वडवणीला जा की. दादाच्या ओट्यावर मास्तर आहे, अख्ख्या तालुक्याच्या बँडवाल्यांचे कपडे तोच शिवतो." मी बॅग भरली.

गुरुवार, वडवणी

बीडहून निघालं की दोन्ही अंगांना कापूस फुटलेला आणि मधूनच पिवळ्या फुलांची तूर. लहानपणी मी उन्हाळ्यात यायचे तेव्हा हे सगळं करपलेलं असायचं. आता गावात एसटीडीची पिवळी पाटी लागली होती, दोन गच्च्यांवर डिश आल्या होत्या आणि पानटपरीवर थंडाची बाटली मिळत होती. ती मात्र गरम होती. "लाइट गेलती ना ताई," टपरीवाला म्हणाला आणि वर बर्फाचा तुकडा टाकायला विसरला नाही.

कपाळाला भस्माचे तीन पट्टे, अंगात पांढरा नेहरू शर्ट आणि कानावर सतत पेन्सिल, असा माझा मामा. गल्ल्यावरून उठून त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच ठाणच पुढं टाकलं. "हे बघ, ब्यांडचं उरलेलं. असला लाल जिल्ह्यात न्हाई मिळायचा."

"लाल नको, मामा."

"कावून?"

"आवडत नाही," म्हटलं. लाल कापडावर लाल हँडल दिसणार नाही, हे कसं सांगणार? मग मी मोरपंखी टेरीकॉट निवडलं. मामीला मेंदी रंग हवा होता, ती जरा हिरमुसली.

माझी मामी पन्नाशीची, ठसठशीत कुंकू, आवाज खणखणीत, आणि माझ्यावर जीव टाकणारी. पोटची मुलगी नाही, म्हणून तो सगळा लाड माझ्या वाट्याला आला. आल्या आल्या तिनं येसराची आमटी, भाकरी आणि कारळाची चटणी पुढं ठेवली. अमेरिकेत मी जेवणाला पंधरा मिनिटं देते. इथं नुसतं "घे गं, घे गं" एवढं ऐकायलाच पंधरा मिनिटं लागतात.

जेवून उठले आणि मापं द्यायला ओट्यावर गेले. रज्जाक मास्तर मामाच्याच वयाचे, मेंदी लावलेली दाढी, गळ्यात टेप. मी हात पसरून उभी राहिले तर मास्तर दोन पावलं मागं सरकले.

"बेटी, मापाचं कापड?"

"कसलं?"

"जुना एखादा असलाच डगला. त्याच्यावरून घेतो माप."

असला डगला माझ्याकडे असता तर मी आले असते कशाला! पण इथं गोष्ट वेगळी होती. मास्तर बाईच्या अंगाला टेप लावत नाहीत. बायका मापाचं पोलकं पाठवतात, त्यावरून काम चालतं. पुण्यात मला हे कधी जाणवलं नव्हतं. अमेरिकेत तर कुणीही कुणालाही पट्टे आवळून विमानात ढकलतं.

शेवटी तोड निघाली. आतल्या खोलीत मामीनं टेप धरायची, दाराबाहेर मास्तर पाठ करून उभे राहणार आणि मामी सांगेल तो आकडा वहीत लिहिणार. मास्तर बाहेरून ओरडायचे, "वैनी, आता खांदा!" मामी आतून आकडा सांगायची. छाती, कंबर, मांडी, दंड, पोटरी. मांडीच्या वेळी मामीचा आवाज एवढा खाली आला की मास्तरांना तीनदा विचारावं लागलं. मी मनातल्या मनात हसत होते. आकड्यांकडे लक्ष द्यायला हवं होतं, ते मात्र दिलं नाही.

शुक्रवार, अंबाजोगाई

दणकट चेन आणि बॅगेचे पट्टे वडवणीत मिळेनात म्हणून मामानं जीप काढली. जुनी जीप, कापडी हूड, हॉर्न सोडून सगळं वाजणारी. धारूरच्या घाटात सीताफळांच्या पाट्या घेऊन बायका बसल्या होत्या. मामानं गाडी थांबवली, एक फळ दाबलं, दुसरं दाबलं, तिसरं दाबल्यावर पाटीवाली बाई म्हणाली, "घ्या की आता, का सगळ्यांची नाडी बघता?" आम्ही अख्खी पाटी घेतली आणि तिथंच दगडावर बसून निम्मी संपवली. बिया उडवत बालाघाटचे डोंगर बघत बसण्यात किती वेळ गेला ते कळलंच नाही.

अंबाजोगाईला मेडिकल कॉलेजजवळ एक बॅगा दुरुस्त करणारे गृहस्थ भेटले. पोरांच्या बॅगा पुस्तकांनी फाटतात, त्यामुळं त्यांच्याकडं चांगल्या दणकट चेनी होत्या. "कशाला लागते?" त्यांनी विचारलं. "पोशाखाला." त्यांनी चेनीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "ही चेन फाटायची न्हाई. माणूस फाटंल." मी दोन घेतल्या, वर पट्टेही घेतले.

रविवार, पोशाख तयार

पोशाख बघून मास्तर स्वतःच खूश होते. शिलाई एकसारखी, जोड सगळीकडं दुहेरी. मी आत जाऊन घातला आणि आरशात बघितलं. कंबरेत दोन माणसं मावली असती. बाह्या लोंबत होत्या. छातीवर झाकणाचे दोन मोठे खिसे होते, जे मी सांगितलेच नव्हते, आणि कॉलर तर बँडमास्तरची. वाऱ्यात ती कॉलर फटाफट थोबाडीत बसली असती.

बाहेर आले. मामानं चष्मा वर केला. "काय बे रज्जाक, पोतं शिवलंस का?"

"मापापरमानं शिवलंय आप्पा!" मास्तरांचा चेहरा पडला. "लेडीज म्हणून दोन इंच लूज ठेवलं, ते तर रिवाजच हाय. खिसे माझ्याकडून बेटीला भेट. बिनखिशाचा कपडा मी देत न्हाई कुणाला." त्यांनी वही आणली आणि आकडे वाचले. पहिल्या आकड्यालाच मी चमकले. माझी कंबर एवढी कधीच नव्हती, सीताफळं खाल्ल्यावरसुद्धा.

सगळे मामीकडं बघायला लागले. मामी पदर बोटाला गुंडाळत उभी होती. "मीच दोन-दोन बोटं सोडत गेले," ती म्हणाली. "येवढी चार लोकांत व्यायाम करनार. लेकीचं कापड अंगाला चिकटून कसं चालंल?"

म्हणजे मामीची दोन बोटं आणि वर मास्तरांचे दोन इंच! हसावं की डोकं आपटावं ते कळेना. मंगळवारी दुपारी माझी गाडी, बुधवारी मुंबईहून विमान, शनिवारी वर्ग. माझा तोल गेला. "सैल चालणार नाही मामी! सैल कपडा हँडलवर येतो आणि माणूस मरतो!"

"कसलं हँडल?" मामानं विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. सगळं सांगून टाकलं. विमान, उड्या, छत्री, सगळं.

मामानं एकच शब्द उच्चारला, "कावून?"

मास्तरांनी विचारलं, "म्हंजे विमान बंद पडतं का?"

"नाही मास्तर, चांगलं चालू असतं."

"मग बसून का ऱ्हात न्हाई?"

मामी वळून आत गेली. मी मागोमाग गेले. ती भाकरी थापत होती, माझ्याकडं न बघता.

"किती बार मारलीस उडी?"

"त्रेसष्ट."

"वन्सं?" वन्सं म्हणजे माझी आई.

"आईला माहीत नाही."

"आन् कापड हँडलवर येतं, हे तुला कुनी सांगितलं?"

खोटं सांगता आलं असतं. "आलं होतं मामी. मागच्या रविवारी. हात नेला तर हाताला हँडल लागलंच नाही."

मामीचा हात परातीतच राहिला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिनं उलथली नाही, मीच उलथली. मग ती हात धुऊन, पायांत चपला सरकवून बाहेर पडली. खिडकीतून बघितलं तर ती एसटीडीच्या दिशेनं चालली होती. संपलं, म्हटलं. आता पुण्याला फोन जाणार, आई रडणार, पासपोर्ट कपाटात बंद होणार. मास्तर घरी निघून गेले होते. मामा आणि मी ओट्यावर बसून राहिलो. मला खरंच भीती वाटली. उड्या मारताना वाटली नव्हती एवढी.

तासाभरानं मामी आली. गळ्यात टेप.

"एसटीडीवर गेलते," ती म्हणाली. "नंबर फिरवला. वन्सं 'हॅलो' म्हनल्या आन् मी ठेवून दिला. मी सांगितलं तर तू भांडून जाशील आन् सैल कापडातच उडी मारशील, मला माहीत हाय तुझा हेका. मग गेले मास्तरच्या घरी, टेप आनला. चल आत."

"मामी..."

"गप. पन दोन गोष्टी. ह्या कपड्यात पयली उडी मारलीस की आधी मला फोन करायचा. आन् मग वन्संना तू तुझ्या तोंडानं सांगायचं. मला इचारलं तर मी खोटं बोलनार न्हाई."

मी मान हलवली.

मास्तर आले, पुन्हा दाराकडं पाठ करून उभे राहिले. "वैनी, आता खरं बोला हां!" आणि मामीनं टेप असा आवळला की मला श्वास घेता येईना. प्रत्येक आकडा ती खणखणीत आवाजात सांगत होती. मांडीचासुद्धा. मध्येच थांबून म्हणाली, "म्हनून लाल नको म्हनलीस व्हय तू? आवडत न्हाई म्हनं!"

सोमवार, उसवणं

मास्तरांनी दिवसभर दुसरं काम घेतलं नाही. कॉलर गेली. मनगटाला आणि घोट्याला इलॅस्टिक आलं, चेन गळ्यापर्यंत. खिसे उसवताना मात्र त्यांचा जीव तुटत होता. "एक तरी ऱ्हाऊ दे बेटी." शेवटी एक छोटा खिसा मांडीवर बसवला, चेनीचा, आत रुमालसुद्धा जेमतेम मावेल असा. मास्तरांची कळी खुलली. कंबरेमागचं कापड त्यांनी दोनदा चापून बसवलं, कारण पहिली छत्री उघडायचं हँडल तिथं असतं, हे त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. बॅगेच्या पट्ट्यांचं एक खोटं जोखडही शिवलं आणि उजव्या छातीवर हँडल म्हणून लाल बँडच्या कापडाची चिंधी लावली.

मंगळवार सकाळ, वडवणी-बीड रस्ता

परीक्षा घ्यायची कल्पना मामीची. "वाऱ्यात बघितल्याबिगर मी पाठवनार न्हाई." वारा पायांकडून यायला हवा, हे मी सांगितलं होतं. मग मामानं जीपचा हूड काढला, पुढची काच बॉनेटवर पाडली, आणि मागं लांबीला बाज टाकून दोरखंडानं करकचून बांधली. मोरपंखी पोशाख आणि जोखड घालून मी बाजेवर आडवी, पाय ड्रायव्हरकडं. डोक्याशी मामी, माझे दोन्ही खांदे धरून. पुढं मामाशेजारी मास्तर, सुई-दोरा घेऊन.

मामानं गाडी साठवर नेली. मी म्हटलं, खरा वारा याच्या चौपट असतो. "ह्यात तर टिकू दे आधी," मास्तर मागं वळून ओरडले. मामाच्या तोंडात चिलट गेलं, तो थुंकत थुंकत चालवत होता.

आणि रस्त्यानं काय तमाशा! जीपमध्ये बाजेवर माणूस, उशाशी बाई, म्हणजे पेशंटच, हे इथं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. बैलगाड्या बाजूला झाल्या. एसटीच्या ड्रायव्हरनं गाडी खाली घेतली आणि हात करून वाट दिली. एका फाट्यावर म्हशी आडव्या आल्या म्हणून थांबलो, तर चार-पाच जण धावत आले.

"काय झालं? साप चावला का?"

"न्हाई," मामा म्हणाला.

"मग अंग निळं कावून पडलं?"

"कापड हाय त्ये!" मास्तर खवळले. "मोरपंखी! मी शिवलंय!"

मी उठून बसले तर एक म्हातारा घाबरून दोन पावलं मागं गेला. मामी हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुढं गाडी सुरू झाली तेव्हा तिचा पदर उडाला. तिनं तो सावरला नाही, कारण दोन्ही हातांनी मला धरलं होतं. "बरं वाटतं गं वाऱ्यात," ती म्हणाली. पण नजर माझ्या छातीवरच्या चिंधीवर होती. जाताना पाय पुढं, येताना डोकं पुढं, दोन्ही खेपांत ती मिनिटामिनिटाला ओरडत होती, "लाल दिसती! लाल दिसती!"

दुपारी गाडीत बसवताना तिनं पिशवीत धपाटे दिले.

शनिवार, परत वाळवंटात

कोचनं पोशाख खांद्याला ओढून बघितला, कंबरेत ओढून बघितला, कापड चिमटीत येईना. मांडीवरच्या खिशाकडं बघून त्यानं भुवई वर केली. मी म्हटलं, "तो राहणार. त्याच्याशिवाय टेलर कपडा देत नाही." तो हसला आणि विमानाकडं बोट केलं.

विमानाबाहेर पडून बसले आणि खालून वारा आला. खूप भीती वाटली, खरं सांगते. मान खाली घालून बघितलं. मोरपंखी कापड अंगाला चिकटलेलं आणि त्यावर लाल हँडल लख्ख. कानात मामीचा आवाज आला असं लिहिलं तर ते खोटं होईल, पण "लाल दिसती" हे मी मोठ्यानं म्हटलं, एवढं खरं.

उतरल्या उतरल्या, पोशाख अंगावर असतानाच धावपट्टीच्या ऑफिसातून वडवणीच्या एसटीडीला फोन लावला. तिकडं रविवारची सकाळ, मामा-मामी तिथंच वाट बघत बसलेले. मामा ओरडून काहीतरी बोलला आणि मग मामी आली.

"लाल दिसली का?"

"शेवटपर्यंत, मामी."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "बरं झालं माय. ठेव आता. वन्संना लाव."

"लावते."

"शुभे, थांब." आवाज एकदम खाली आला, मांडीचं माप सांगताना यायचा तसा. "रागावू नको. दंडात अर्धा इंच सोडलाय मी. दंडाला काय हँडल न्हाई म्हनलं. सगळंच आवळायचं म्हनल्यावर हातच चालंना माझा."

तिनं फोन ठेवला. आईचा नंबर फिरवायच्या आधी मी दंडाचं कापड चिमटीत धरून बघितलं. अर्धा कसला, चांगला एक इंच होता.